चुलीले आवतन

"मागून गाडी येऊन राह्यली, एकदम रिकामी!"

वाशिमच्या माझ्या घरमालकांचं हे उत्तर जगातल्या कुठल्याही प्रश्नाला चालायचं. काका, नळाला पाणी कधी येणार? मागून गाडी येऊन राह्यली. काका, माझ्या खोलीतला पंखा नुसताच कुरकुरतोय, दुरुस्त कधी करणार? मागून येते, रिकामी येते. त्यांची हयात लाल बसवर कंडक्टरकी करण्यात गेली होती. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी हा माणूस काही गाडीतून खाली उतरला नव्हता. मी तेव्हा तिथल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होते आणि काकांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. दिवसभर मी लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी घरी आलं की काका माझं आटवायचे.

आज मोबाईलवर "अर्ध्या दरात जेवा, आजच या" असलं काही टणटणलं की मला काकाच आठवतात. आता हातातली ऑर्डर तशीच ठेवून त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

घरात व्हरांड्यापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी एक दोरी ताणली होती आणि तिच्या टोकाला बसमध्ये असते तसली घंटी. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी सकाळी स्कूटी बाहेर काढली की काका दोन ठोके द्यायचे, त्याशिवाय निघायचं नाही. एकदा उशीर झाला म्हणून मी तशीच निघाले, तर हा माणूस लुंगी सावरत चौकापर्यंत धावत आला. "डबल देल्याबिगर गाडी हालवतात का पोरी? कोनी पायदानावर असलं म्हंजे?" स्कूटीच्या पायदानावर कोण असणार होतं हो? माझा डबा! पण वाद घालायची सोय नव्हती. आणि त्या दोरीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काकूंनीसुद्धा नाही. घंटी कंडक्टरची, बस्स.

लग्नाच्या पंगतीत तर त्यांना आवरणं कठीण. यजमान कोण, आपण कोण, काही बघायचं नाही. मांडवाच्या तोंडाशी उभे राहून सुरू. "मधी जागा हाय, पुढं सरका! खांबाले धरू नका! मागून पंगत येऊन राह्यली, रिकामी!" लोक हसायचे, पण सरकायचे. त्या आवाजात काहीतरी असं होतं की पाय आपोआप पुढं पडायचे.

काकू रिठदच्या. बोलायला कमी, आणि बोलल्या की समोरच्याचं बोलणं संपलं. त्या भागातल्या बाया स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" म्हणतात. मी सिन्नरकडची, मला आधी त्याचं हसू यायचं. मग एकदा काकू म्हणाल्या, "मी करतो अन् तू खाते, त्यात हासाले काय झालं वं?" तेव्हापासून मी हसणं सोडलं आणि खाणं चालू ठेवलं. माझ्याकडे वर माझा गॅस होता, माझी भांडी होती, पण रात्रीची भाकरी बहुतेक खालूनच यायची.

तर त्या वर्षी हिवाळ्यात शहरातल्या हॉटेलवाल्यांना एकदम कंठ फुटला. सगळ्यांनी मिळून आठवडाभर जेवण अर्ध्या दरात ठेवलं. चौकाचौकात हॉटेलांच्या नावांचे फलक, रिक्षावर भोंगे, दवाखान्यात पेशंटसुद्धा सुई टोचून घेता घेता विचारायचे, मॅडम, तुम्ही कुठं जाऊन आल्या? गावात नुसती धांदल उडाली होती. लोक त्याला हॉटेलांचा सप्ताह म्हणू लागले. काका फलकासमोर चष्मा लावून उभे राहिले आणि चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सप्ताह म्हन्ता, तं काल्याचं जेवन फुकट असा लागते. हे अर्धे पैसे कायचे घेऊन राह्यले?"

घरी आले ते मात्र वेगळेच. मला जिन्यात गाठलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुले एक सांगतो. हिले म्या अजून हाटेलात जेवू नाई घातलं."

मला वाटलं गंमत करतायत. पण नव्हते करत. लग्न झाल्यावर ते काकूंना रिठदहून पहिल्यांदा घेऊन आले ते आपल्याच ड्युटीच्या गाडीतून. वाटेत जेवणाला गाडी थांबली. ड्रायव्हर-कंडक्टरचं पान हॉटेलात आत, पडद्यामागं. नवी नवरी खिडकीपाशी, मांडीवर शिदोरीचं फडकं. काकांनी तिला बाहेरूनच सांगितलं, "तू बस, तुले मागून नेतो." आणि आत जाऊन जेवले. तोंड पुसत आले, दोन ठोके दिले आणि गाडी निघाली. मग सासू-सासरे आले, पोरीचं बाळंतपण आलं, पोरगी कामरगावला दिली, रिटायरमेंट आली. काकूंचं मागून काही आलं नाही.

"या सप्त्यात नेतोच!" काका म्हणाले. डोळे असे चमकत होते की जणू उद्या त्यांचंच लग्न. "पन एकच खेप भेटन पोरी. भाजीत मीठ जास्त पडलं, का वाढनारा तोंड वाकडं करून गेला, तं थे पुन्हा म्हनून हाटेलचा उंबरा वलांडाची नाई. म्हून हाटेल अस्सं पाह्यजे!" आणि त्यांनी अशी चिमूट करून दाखवली की मीही पेटले. मीही म्हटलं, काका, होऊन जाऊ द्या!

आता हॉटेल निवडायचं म्हणजे काय, साधी गोष्ट आहे? काकांचे नियम ऐका. पहिला नियम, जिथं बसवाले ओळखतात तिथं जायचं नाही. "जठी कंडक्टरले फुकट जेवू घालतात ना, तठी पब्लिकले पानी पाजतात. म्या जनमभर फुकटचं चांगलं खाल्लं, मले सांगू नको." झालं, अर्धा फलक बाद. दुसरा नियम, पाणी मागायच्या आधी आलं पाहिजे. तिसरा, हॉटेलचा आचारी स्वतःच्या हॉटेलात जेवतो का ते बघायचं. त्यासाठी आम्ही पुसद नाक्याजवळ एका हॉटेलच्या मागच्या दारासमोर भर दुपारी उसाचा रस पीत उभे. आचारी बाहेर आला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या गाडीवर वडापाव खायला लागला. काकांनी तिथल्या तिथं हवेत एक ठोका दिला. टण. थांबा. ते हॉटेल कटाप.

सगळ्यात भारी प्रकरण झालं ते एसीवाल्या हॉटेलात. तिथं मॅनेजर ओळखीचा होता म्हणून काका वेश पालटून आले. माझा मास्क, माझा गॉगल आणि डोक्यावर हेल्मेट! मी म्हटलं, काका, हेल्मेट तरी काढा, लोकांना वाटेल दरोडा पडला. "गुपचूप राय," आतून आवाज आला. बसलो. पाणी न मागता आलं. वरण गरम होतं. काका मास्क वर करून घास आत ढकलत होते आणि माना डोलवत होते. मलाही वाटलं, जमलं बुवा. तेवढ्यात दारात एकदम गर्दी झाली. अर्ध्या दराची गर्दी ती! सगळे तोंडाशीच अडकले, आत टेबलं मोकळी. काकांचा घास हातातच थांबला. मी ओळखलं. मी त्यांचा हात धरला, पण उशीर झाला होता. काका ताडकन उठले आणि हेल्मेटसकट गरजले, "मधी जागा हाय, पुढं सरका! दारात उभं राहू नका!"

सगळं हॉटेल हसायला लागलं. मॅनेजर धावत आला, "काका, तुमी?" आणि पुढच्या क्षणी आमच्या ताटात न मागितलेलं पनीर, न मागितलेले गुलाबजाम, काय काय येऊन पडलं. काका उदास झाले. गुलाबजामाकडे बघत म्हणाले, "गेलं हाटेल हातातून."

मग आणखी एक केलं. तिथं खास वऱ्हाडी ताट होतं, म्हणजे फलकावर तरी. रोडगा आला. रोडगा म्हणजे कणकेचा गोळा, शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, फोडून त्यात तूप ओतायचं. एका रोडग्यात माणूस आडवा होतो. आलेला रोडगा काकांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. "हा रोडगा हाय का शर्टाची गुंडी?" वाढणाऱ्यालाही हसू आलं, पण ते हॉटेलही गेलं.

असं करता करता आठवड्याचे दिवस सरकायला लागले. शेवटी काकांनी मन घट्ट केलं, त्यातल्या त्यात बरं असं एक हॉटेल ठरवलं आणि संध्याकाळी काकूंसमोर जाहीर केलं. त्याआधी दोन ठोके वाजवले. "उद्या आपुन हाटेलात जेवाले जाऊन राह्यलो!"

काकू मेथी निवडत होत्या. मान वर केली नाही. "कोनाचं आवतन हाय?"

"आवतन कायचं? हाटेल हाय थे."

"मंग बिन आवतनाचं कोनाच्या घरी जेवाले जाऊ?"

"घर नाई वं, हाटेल!"

"चूल पेटते ना तठी? पानं वाढतात ना?" काकूंनी आता मान वर केली. "सोयरे बलावतात तवा जातो आपन. दारात येऊन कोनी म्हनलं पाह्यजे, या म्हनून. सोता उठून, ताट द्या म्हनत मी कोनाच्या दारात जात नाई. तुमी जा. तुमाले सवय हाय."

शेवटचे तीन शब्द काकांना कुठं लागले ते मी पाहिलं. माणूस एकदम एवढासा झाला. मला काकूंचा रागही आला, खरं सांगते. वाटलं, काय हा हट्ट, इतका जीव पाखडतोय तो माणूस! पण रात्री माझ्या खोलीत भाकरी खाताना सारखी ती बसची खिडकी डोळ्यांसमोर यायला लागली. बाहेर बसलेल्या बाईला आत या म्हणायला तेव्हा कोणीच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याला दांडी मारली. काका स्कूटीवर मागं बसले आणि आम्ही हॉटेल हॉटेल फिरलो. आता मागणी नवीनच. "आमच्या घरी येऊन आवतन देता का?" एक म्हणाला, काका, त्रास कशाला, घरपोच पाठवतो. एकानं व्हॉट्सॲपवर फुलाफुलांचं आमंत्रण पाठवायची तयारी दाखवली. एसीवाला मॅनेजर भला माणूस, पण त्यालाही हसू आवरेना. काका एकेका पायरीवरून उतरताना जास्त जास्त गप्प होत गेले. मी आपली बडबडत होते, मिळेल काका, मिळेल.

शहर संपतं तिथं, जऊळक्याकडे जायच्या वाटेवर, एक खानावळ होती. पत्र्याची, दोन-तीन बाकडी, मागं घरचाच भाजीचा मळा. फलकावर हिचं नाव सगळ्यात खाली, बारीक. मालकीण स्वतः कणीक मळत होती, कोपरापर्यंत हात पांढरे. मागं गोवऱ्यांचा धूर. काकांनी आता आशा सोडूनच विचारलं, "बाई, घरी येऊन आवतन द्या लागते. देसान का?"

ती हसली नाही. काहून, कायले, असलं काही विचारलंही नाही. हात मळता मळता थांबले आणि तिनं एवढंच विचारलं, "एकट्याईले, का चुलीले?"

काकांनी माझा खांदा असा दाबला की मी ओरडलेच. तिकडे आवतनाच्या तऱ्हा असतात. एकट्याला आवतन म्हणजे घरातलं एक माणूस जेवायला जातं. चुलीला आवतन म्हणजे त्या चुलीवर जेवणारं अख्खं घर, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. मोठ्या मानाचं आवतन ते. साऱ्या शहरात हा प्रश्न विचारणारं एक माणूस निघालं!

"चुलीले," काका कसेबसे म्हणाले. "चुलीले द्या जी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली. धुतलेलं लुगडं, हातात कुंकवाचा करंडा. मी जिन्यात उभी. काका व्हरांड्यात, दोरी हातात धरलेली, पण ओढायचं भान नाही. तिनं काकूंना कुंकू लावलं आणि म्हणाली, "आज दुपारी तुमच्या चुलीले आवतन हाय आमच्या घरचं."

काकूंनी तिला पाट दिला, पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं, "काय काम हाय तुमच्या घरी?"

मेलो! आवतनाला काम लागतं, म्हणजे लग्न, बारसं, तेरवी, काहीतरी. काकांनी तिला हे सांगितलंच नव्हतं. बाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "काम काई नाई, माय. रोज इतके लोक येऊन जेवतात, पन त्यायले म्या कधी बलावलं नाई. थे आपले येतात अन् जातात. म्हटलं, एकदा कोनाले तरी दारात जाऊन बलावून जेवू घालाव."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "येतो."

काकांनी दोरीला असा हिसडा दिला की घंटी दोन ठोके वाजून खालीच पडली.

जाता जाता बाईनं रीतीनं विचारलं, चुलीवर किती पानं? काकू म्हणाल्या, "आमी दोघं, अन् आमची हे पोरगी." आणि वर जिन्याकडे बोट केलं. मी! भाडेकरू! वर माझा गॅस, माझी भांडी, आणि तरी मी त्या चुलीवरची. मला तिथंच रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

आता चूल बंद म्हणजे बंद. काकूंनी गॅसचं रेग्युलेटर फिरवलं, शेगडी पुसून ठेवली. चहासुद्धा नाही! काका चहाशिवाय घरभर फेऱ्या मारत होते, दर फेरीला दोरीची गाठ तपासत होते, परत बांधलेल्या घंटीला हात लावत होते. काकू दुपारच्या आत तयार. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, व्हरांड्यात पाटावर बसल्या. मी स्कूटी काढली, रिक्षा सांगितली, म्हटलं चला.

"बलावनं कुठी आलं अजून?"

म्हणजे अजून एक बाकी होतं. सकाळी आवतन झालं तरी पानं वाढून झाल्यावर यजमानाघरचं माणूस पुन्हा बोलवायला येतं, चला म्हणून. ते आल्याशिवाय उठायचं नाही. आणि इकडे शहरात अर्ध्या दराची झुंबड. त्या बाईच्या दारात आत्ता किती माणसं उभी असतील, तिला कुठली सवड!

ऊन व्हरांड्यातून सरकत गेलं. काका रस्त्यावर जाऊन बघत, परत येत. माझ्या पोटात आग पडली होती. काकू हलल्या नाहीत. शेवटी काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आज गर्दी असन वं. येतेच थे, मागून..." आणि थांबले.

"म्हना ना," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही, तरी मला तो ऐकवला नाही. "मागून गाडी येऊन राह्यली म्हना. लय वर्साची येऊन राह्यली. मी खिडकीतच बसली हावो."

काकूंनी गुडघ्यावर हात टेकला, उठायला लागल्या, आत जाऊन लुगडं बदलायला.

तेवढ्यात कोपऱ्यावर भाजीचा ऑटो दिसला. मागं मेथीच्या जुड्या आणि त्यात मधोमध ती बाई, उभी, दांडीला धरून, हात कणकेनं पांढरे. ऑटो थांबायच्या आधीच ओरडली, "चला माय, पानं वाढली! गिऱ्हाइकाईले बसवून आली मी!"

काय सांगू! मी टाळ्याच पिटल्या. काका डबल द्यायचं विसरले आणि काकूंच्या आधी ऑटोत चढले, मग लाजून उतरले.

खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. पण एका बाकड्यावर तीन पानं मांडलेली होती आणि त्याला कोणी शिवलं नव्हतं. रोडगे फोडलेले, तूप, वरण, वांग्याची भाजी, ठेचा. काकू बसल्या. पहिला घास घेतला. मी आणि काका त्यांच्या तोंडाकडे बघत, आमचे हात तसेच. काकूंनी घास गिळला आणि दुसरा घेतला. मग तिसरा! भाजी संपली तरी वाढायला कोणी येईना, दोन आचारी आणि ती बाई गर्दीत बुडालेले. काका जागेवरून उठले. मला वाटलं, झालं, आता मधी जागा हाय सुरू होणार. पण ते चुलीपाशी गेले, भाजीचं बकेट उचललं आणि येऊन काकूंच्या पानात भाजी वाढली. आयुष्यात पहिल्यांदा. पळी वाकडी धरली होती, अर्धी भाजी बाकड्यावर. काकू पुरे म्हणाल्या नाहीत. परत वाढली, तरी म्हणाल्या नाहीत. मग काकांना चेव आला आणि त्यांनी सगळ्या खानावळीला वाढत सुटायचं ठरवलं. "भाजी येऊन राह्यली, भाजी! हात आत घ्या!"

निघताना काकांचा हात खिशाकडे गेला. बाईनं डोळे वटारले. "आवतनाचे पैसे घेतात का कुठी?" काका गोंधळले. इतकी गर्दी, अर्धा दर, बाईच्या पोटावर पाय द्यायचा का? पण काकूंकडे उत्तर तयार होतं. त्यांनी तिच्याच करंड्यातलं कुंकू घेतलं, तिला लावलं. "मीठ जरासं कमी व्हतं," म्हणाल्या. "पन म्या नव्हतं टाकलं ना थे, म्हून गोड लागलं. आता आयतवारी तुमच्या चुलीले आमचं आवतन हाय."

रविवार म्हणजे सप्ताहाचा शेवटचा दिवस. सगळ्यात मोठी गर्दी. बाई म्हणाली, "माय, हाटेल..."

"चुलीले म्हनलं मी."

बाईनं मागं वळून आपल्या पेटलेल्या चुलीकडे पाहिलं. ती सगळ्या गावाला वाढत होती, पण तिला मांडलेल्या पानावर कोणी बसवलं होतं की नाही, देव जाणे. तिचे डोळे भरले. "येतो," म्हणाली.

आणि आली ना! रविवारी खानावळीचं दार बंद. काकांनी स्वतः खडूनं पाटीवर लिहिलं, "आज चूल बंद. आवतन आहे." काकू पहाटेपासून पुरणात. पानं वाढून झाल्यावर रीतीप्रमाणे स्वतः बलावनं घेऊन निघाल्या, आम्ही दोघं बरोबर. खानावळीसमोर तोच भाजीचा ऑटो, त्यात काकू, ती बाई, तिची सासू, मळ्यातून आलेला नवरा आणि दोन्ही आचारी, कारण तेही त्याच चुलीवरचे. काका त्यांना आत कोंबत होते. बाहेर माणसांचा घोळका, लांबून गाड्यांवर आलेले. एक जण लेकरं घेऊन पाटीसमोर उभा, चिडलेला. "आज शेवटचा दिवस हाय ना! आमी आता कुठी जेवाव?"

"मागून गाडी येऊन राह्यली, एकदम..." काकांच्या तोंडून निघून गेलं. आणि त्यांनी जीभ चावली. त्या दुपारपासून त्यांनी ते वाक्य तोंडातून काढलं नव्हतं. भीत भीत ऑटोकडे पाहिलं.

काकूंनी आतून डोकं बाहेर काढलं. "येते, भाऊ," त्या माणसाला म्हणाल्या. "लय वाट पाहा लागते. पन येते. मले भेटली."

आणि त्यांनी ऑटोच्या पत्र्यावर हातानं दोन ठोके दिले. काका दारातच उभे होते, अजून चढलेही नव्हते. पण डबल झालं होतं, गाडी हलली. मग हा जन्माचा कंडक्टर हसत, धापा टाकत, ऑटोच्या मागं पळत निघाला आणि काकूंनी हात देऊन त्याला आत ओढून घेतलं.